सुईदोराचं मत

१

मतदान रविवारी संध्याकाळी सहाला बंद झालं. सोमवारी सकाळी ग्रंथालयाच्या खिडक्या उघडून होतात न होतात तोच बाईंना कळलं, की त्यातलं एक मत मेलेल्या माणसाचं आहे.

बाई म्हणजे ग्रंथालयाच्या सूची विभागातल्या बाई. नवं पुस्तक आलं की ते चाळायचं, विषय ठरवायचा, क्रमांक द्यायचा आणि कपाटात त्याची जागा नेमून द्यायची, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. त्याखेरीज गेली सहा वर्षं त्या इंटरनेटवरचा एक कट्टाही सांभाळत होत्या. कट्टा 'बारा नंबरचा धक्का' या मालिकेच्या चाहत्यांचा. बंदरात बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाची ही मालिका. एकशे बारा भाग होऊन गेले होते आणि दीड महिन्याच्या सुट्टीनंतर नवा हंगाम येत्या शनिवारी सुरू व्हायचा होता. कट्ट्यावर सगळे टोपणनावानं वावरत. बाईंचं टोपणनाव 'बाई' हेच होतं. नाव काय घ्यावं हे त्यांनी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ऑफिसात म्हणतात तेच घे, उगाच नटू नकोस."

मतदान होतं ते चर्चा कशी मांडायची यावर. सहा वर्षं सगळी चर्चा एकाच धाग्यात चालली होती. एकाखाली एक असे एकेचाळीस हजार प्रतिसाद त्यात साठले होते. मास्तर या नावाचे सदस्य दोन वर्षं म्हणत होते की हे अडगळीच्या खोलीसारखं झालं आहे, जुन्या भागांसकट प्रत्येक भागाचा वेगळा धागा करा. जुनी मंडळी म्हणत होती, एकच धागा राहू द्या, आपल्या सहा वर्षांच्या गप्पांचे तुकडे कशाला करायचे? अखेर कट्ट्याच्या पहिल्या पानावर प्रश्न लावला गेला आणि आठ दिवस मतं घेतली गेली. वेगळ्या धाग्यांना सत्त्याऐंशी, एकाच धाग्याला शहाऐंशी. बरोबरी झाली असती तर जुनीच पद्धत कायम राहणार होती.

सोमवारचा निरोप त्याच सकाळी उघडलेल्या खात्यावरून आला होता. सही नुसती 'एक सदस्य'. मजकूर एवढाच: 'सुईदोरा या सदस्य पाच महिन्यांपूर्वी रुग्णालयात वारल्या. वेळ ०४:१०. त्यांच्या नावावर मत पडलेलं आहे. कृपया चौकशी व्हावी.'

बाईंनी मतांची यादी काढली. मतदान संपल्यावर कोणी काय मत दिलं हे सगळ्यांना दिसायचं, असा ठराव आधीच झाला होता. सुईदोराचं नाव यादीत होतं, गुरुवारी दुपारी एक बावन्नला. आणि मत वेगळ्या धाग्यांना होतं. जी सूचना ती जिवंतपणी प्रत्येक वेळी हाणून पाडत आली, नेमकी तिलाच.

२

सुईदोरा शिवणकाम करायची. प्रत्येक भागानंतर दुसऱ्या दिवशी तिच्या सहा-सात ओळी यायच्या आणि त्या बहुतेक कपड्यांबद्दल असायच्या. एकतिसाव्या भागानंतर तिनं लिहिलं होतं की कप्तानाच्या कोटाचं तिसरं बटण दुसऱ्या कोणाच्या हातचं आहे, टाके फुलीचे आहेत आणि घरातली बाई समांतर घालते. लोकांनी थट्टा केली. आठ भागांनंतर कप्तानाचं दुसरं घर निघालं, तेव्हा सगळे तोंडात बोट घालून बसले. धाग्यांच्या वादात तिचं म्हणणं ठरलेलं असायचं: "धागा तोडला की गाठ मारावी लागते आणि गाठ टोचते. लांब आहे तर लांब राहू दे."

ती पाच महिने गप्प होती. बाईंना वाटलं होतं, कामात असेल. एकदाही विचारलं नाही, हे त्यांना त्या दिवशी दुपारभर डाचत राहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई मालिका बघत आणि कट्टा सुनेकडून ऐकत. त्यांनी चालू टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या की ती बटणवाली मला आवडायची, तिच्या नावावर कोणी हात मारला असेल तर त्याला शोधून काढ.

बाईंनी पानाला फोन लावला. पाना म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण, कट्ट्याची तांत्रिक बाजू तोच बघायचा. सगळ्यांच्या खात्यांच्या नोंदी त्याच्या हाताशी असत, तेव्हा पहिला संशय त्याच्यावरच यायला हवा, हे बाईंनी त्याला सरळ सांगितलं.

पाना रागावला नाही. "बाई, माझ्याकडे पुढच्या दाराची किल्ली आहे. मला मत घुसवायचं असतं तर मी कालच आकडा बदलला असता. मेलेल्या माणसाच्या खिडकीतून कशाला चढेन?"

ते पटण्यासारखं होतं. त्यानं नोंदी वाचून दाखवल्या. सुईदोराचं खातं तिच्या मृत्यूनंतर तीन महिने कोणी उघडलंच नव्हतं. मग सात आठवड्यांपूर्वी ते उघडलं गेलं आणि तेव्हापासून जवळजवळ रोज उघडतं आहे. यंत्र तेच, तिचं नेहमीचं. वेळ दीड ते अडीचच्या दरम्यान. मंगळवारी मात्र कधीच नाही.

"आणि करतात काय तिथे?" बाईंनी विचारलं.

"वाचतात. एक ओळसुद्धा लिहीत नाहीत. पहिल्या प्रतिसादापासून सुरुवात केली आहे."

३

मंगळवारी दुपारी बाई मास्तरांच्या शाळेत गेल्या. कारण सकाळीच 'एक सदस्य'नं तोच निरोप सगळ्यांना दिसेल असा लावला होता आणि कट्ट्यावर धुरळा उडाला होता. जुनी मंडळी म्हणत होती, मास्तरांनी मत चोरलं. मास्तरांच्या बाजूचे म्हणत होते, हरलेल्यांनी मत रद्द करायला हे कुभांड रचलं. चाळीसेक जणांनी तर शनिवारच्या आत निकाल लागला नाही तर आपला वेगळा कट्टा काढू, असं जाहीर केलं.

चित्रकलेच्या वर्गात रंगांचे वास होते आणि मास्तर ब्रश धुवत उभे होते. सहा वर्षं रोज बोलणं होतं, पण समोरासमोर दोघं पहिल्यांदाच भेटत होते. लिहिण्यात इतके खणखणीत असलेले मास्तर प्रत्यक्षात हळू आवाजाचे निघाले. त्यांनी स्वतःहून सांगितलं की सुईदोरा गेली हे त्यांना माहीत नव्हतं. ती गप्प झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपल्या शेवटच्या भांडणामुळे रुसली. आपण तिला फार लागेल असं लिहिलं होतं.

"काय लिहिलं होतं?"

"की तुम्हाला शिवणातलं कळतं, रचनेतलं नाही." मास्तरांनी ब्रश फडक्यावर पुसला. "माफी मागायची राहून गेली."

बाईंनी विचारलं, मतं उघड असावीत हा आग्रह कोणाचा होता? मास्तर म्हणाले, माझाच. मग बाईंनी तो विषय वाढवला नाही. ज्याला मत चोरायचं असतं तो उघड मतदान मागत नाही. आणि सगळ्या कट्ट्याला जिचं म्हणणं पाठ आहे, तिच्याच नावानं उलटं मत टाकणं म्हणजे स्वतः होऊन पकडलं जाणं होतं. मास्तर हट्टी असतील, मूर्ख नव्हते.

निघताना मास्तर म्हणाले की तुम्ही तपास लावा, काहीही निघालं तरी मी कट्टा सोडून जाणार नाही. ते कट्ट्यावर तसं लिहायला मात्र तयार नव्हते. आपल्या माणसांना काय तोंड दाखवू, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये बाईंनी तक्रारीचा मजकूर पुन्हा वाचला आणि या वेळी त्यांची नजर मतावर नव्हे, वेळेवर अडकली. ०४:१०. घरातलं माणूस गेलं की लोक 'पहाटे गेली' म्हणतात. फार तर 'चारच्या सुमाराला'. मिनिटं कोण लिहितं? आणि चारच्या आधी शून्य लावून?

त्या घरी पोचल्या आणि चप्पल काढायच्या आधी कट्ट्यावर शोध घ्यायला बसल्या. एकेचाळीस हजार प्रतिसादांत अशी वेळ लिहिणारं माणूस एकच निघालं.

४

'अर्धाकप' हे नाव तिनं घेतलं होतं कारण तिचा चहा कधी पुरा होत नसे. 'आज १४:०० ला सुटले', 'भाग २१:०० चा, मी कामावर', असं ती लिहायची. कट्ट्याच्या कामासाठी तिनं एकदा नंबर दिला होता. त्यावर फोन करून बाईंनी एवढंच विचारलं, की तुम्ही रुग्णालयात काम करता का?

ती हो म्हणाली. ती परिचारिका होती. तिच्या वॉर्डात एक बाई सहा आठवडे होती आणि सलाइन बदलताना एकदा तिच्या टॅबलेटवर कट्ट्याचं पान उघडं दिसलं. वर नाव होतं, सुईदोरा.

"मी तिला सांगितलं नाही, की मी अर्धाकप," ती म्हणाली. "रुग्णाचं बघून ठेवल्यासारखं झालं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग ती गेली. गेल्यावर तर तोंड उघडायची सोयच नव्हती, रुग्णाबद्दल बाहेर बोलायचं नसतं. पण रविवारी यादीत तिचं नाव दिसलं आणि तेही तिच्या म्हणण्याच्या विरुद्ध. ते मला बघवेना."

बाईंनी तिला सांगितलं की तुमचं नाव माझ्याकडून फुटणार नाही. अर्धाकपनं चाचरत विचारलं, पत्ता हवा आहे का, कारण तो मी देऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, पत्त्याचं मी बघते.

मग त्या वही घेऊन बसल्या आणि सासूबाईंना समोर बसवून एकेक गोष्ट मांडत गेल्या. ते खातं उघडणाऱ्याचं कुठवर वाचून झालं आहे, तेही पानानं फोनवर सांगितलं होतं. कट्टा प्रत्येक सदस्याला 'इथपर्यंत वाचलं' अशी खूण दाखवतो. सुईदोराच्या खात्यावरची खूण त्रेचाळिसाव्या भागाच्या चर्चेवर होती. सात आठवडे, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे दिवसाला एक भाग. मतं चोरणाऱ्याला चर्चा पहिल्यापासून वाचायची गरज नसते. हे माणूस मालिका पहिल्यांदाच बघत होतं आणि भाग बघून झाला की त्यावरची चर्चा वाचत होतं.

"म्हणजे चोर नाही," सासूबाई म्हणाल्या.

"चोर नाही. दुकानदार आहे. दुपारी जेवायला दुकान बंद ठेवणारा, मंगळवारी सुट्टी घेणारा. यंत्र दुकानातच ठेवतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी वाचन नाही."

सुईदोरानं कधीतरी लिहिलं होतं की आमच्या दुकानात डाव्या हाताला माझं मशीन आणि उजव्या हाताला ह्यांची घड्याळं, टिकटिक कोणाची हे गिऱ्हाइकाला कळत नाही. बुधवारी बाईंनी ग्रंथालयातली शहराची व्यापारी सूची काढली. घड्याळ दुरुस्तीची एकोणीस दुकानं होती. शिवणकामाची पाचशेच्या वर. दोन्हींच्या याद्यांत एकच पत्ता असलेली जागा फक्त एक होती.

५

दुकान न्यायालयाच्या मागच्या गल्लीत होतं. बाई पोचल्या तेव्हा नुकताच एक वाजून गेला होता. शटर अर्धं खाली होतं आणि आतून मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकू येत होतं. बाईंनी ते संपेपर्यंत वाट पाहिली, मग संपूर्ण भागाचीच वाट पाहिली. समोरच्या पायरीवर बसून त्यांना आतला प्रत्येक संवाद ओळखता येत होता. चव्वेचाळिसावा भाग.

भाग संपला तेव्हा त्यांनी शटरवर टकटक केली. घड्याळजी साठीच्या पुढचे, अंगानं किरकोळ होते. डाव्या बाजूच्या शिलाई मशीनवर कापड झाकलेलं होतं आणि त्यावर टॅबलेट उभा करून ठेवला होता. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. त्यांनी घाईनं स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "काही चुकलं का माझं?"

बाईंनी मताचं सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळेचना. मत कसलं? पानावर प्रश्न आला होता, 'चर्चा वाचायला तुम्हाला काय सोयीचं?' विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. हे तिच्या नावानं नोंदलं जाईल, त्यावरून माणसं भांडतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग ते हळूहळू बोलू लागले. ती सहा वर्षं हे बघायची, यावर लिहायची आणि त्यांना सांगायला लागली की ते हातातलं घड्याळ कानाशी लावायचे. रुग्णालयात तिच्या शेजारी बसून असत, तेव्हाही बघितलं नाही. ती गेल्यावर तीन महिने टॅबलेट तसाच पडून होता. चार्ज केला तर तिचंच पान उघडलं.

"तिच्या नावावर बोट ठेवलं तर तिनं लिहिलेलं सगळं एका जागी येतं," ते म्हणाले. "पण शेवटचं सगळ्यात वर. रुग्णालयातलं. मी लगेच बंद केलं. मला पहिल्यापासून वाचायचं होतं, तिनं लिहिलं तसं. आधी भाग बघायचा, मग त्यावर ती काय म्हणाली ते शोधायचं. पण त्या लांब धाग्यात ती सापडत नाही हो. चाळीस-चाळीस पानं उलटतो. आणि एक पान जास्त उलटलं गेलं तर पुढच्या भागात काय होतं ते कळून जातं. म्हणून म्हटलं, वेगळं असलेलं बरं."

बाईंनी विचारलं, ती स्वतः याच्या विरुद्ध होती, ते वाचलंत का? घड्याळजी किंचित हसले. तिथवर मी पोचलो नाही अजून, म्हणाले. पण आमचं कुठे पटायचं.

त्यांनी मत मागे घेतलं. खरं काय ते कट्ट्यावर लिहू का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी विचार करून हो म्हटलं, फक्त दुकानाचं नाव नको. आता मतं शहाऐंशी विरुद्ध शहाऐंशी झाली होती. नियमानुसार जुना लांब धागा कायम राहणार होता आणि घड्याळजींना त्यात पुन्हा चाळीस-चाळीस पानं उलटायची होती.

६

बाईंनी गुरुवारी सकाळी सगळं लिहिलं. अर्धाकपचं नाव गाळून, बाकी जसं घडलं तसं. पहिला प्रतिसाद मास्तरांचा आला. आधी त्यांनी सुईदोराची माफी मागितली, ती कशाबद्दल ते स्पष्ट लिहून. मग त्यांनी मांडलं की जुना धागा आहे तसा राहू दे, त्याला कोणी कात्री लावू नये. पण त्याची सूची करू. कुठल्या भागाची चर्चा कुठे सुरू होते, कुठे संपते आणि त्यात सुईदोरानं लिहिलेलं कुठे आहे. नव्या हंगामापासून मात्र प्रत्येक भागाचा वेगळा धागा, कारण पहिल्यांदा बघायला येणारं माणूस कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं.

जुन्या मंडळींपैकी सगळ्यात कडक असलेल्या आजोबांनी लिहिलं की मला हे आवडलेलं नाही, पण मी पहिल्या आठ भागांची सूची करतो. त्यानंतर भाग वाटून घ्यायला रांग लागली. शुक्रवारी पुन्हा मत घेतलं, तेव्हा विरोधात नऊच उरले. सासूबाई म्हणाल्या, नऊ तर हवेतच, नाहीतर तुम्ही बोलणार कशाबद्दल?

अर्धाकपनं शेवटचे भाग मागितले नाहीत. ते बाईंनी घेतले. सुईदोराचं लिहिणं सत्त्याण्णवाव्या भागापाशी संपत होतं. त्यात दोनच ओळी होत्या: 'आजच्या भागात पडदे सुरेख होते. बाकी उद्या लिहिते.' बाईंनी त्याचा क्रमांक नोंदवला आणि वही मिटून जरा वेळ खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

शनिवारी दुपारी त्या सूची छापून दुकानात घेऊन गेल्या. घड्याळजींनी पहिला कागद घेतला, सत्तेचाळिसाव्या भागापर्यंत बोट आणलं आणि तिथेच थांबले. बाकीचे कागद त्यांनी बाईंच्या हातात परत दिले. हे तुमच्याकडे ठेवा, म्हणाले, लागतील तसे द्या.

मग त्यांनी विचारलं, "पुढे पुष्कळ आहे ना तिचं?"

बाईंना आकडा तोंडपाठ होता. "आहे," त्या म्हणाल्या.

"रोज एक बघितला तर लवकर संपेल."

घड्याळजींनी टॅबलेट बंद करून मशीनच्या खणात ठेवला आणि शटर पूर्ण वर केलं. बाहेर एक गिऱ्हाईक मनगटावरचं घड्याळ काढून वाट बघत उभं होतं.

"मग आठवड्याला एक बघतो," ते म्हणाले. "दर शनिवारी. तुम्हाला वेळ असला तर तुम्हीही येत जा."